नदी कोणाच्या खात्यात येते?

माझे आजोळ रायपूरच्या तात्यापाऱ्यातले. छत्तीसगढीत 'पारा' म्हणजे मोहल्ला. आपल्याकडे ज्याला आळी किंवा पेठ म्हणतात तसा. ब्राह्मणपारा, आमापारा, कंकालीपारा अशा जुन्या पाऱ्यांच्या रांगेत हा एक, आणि पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबांची वस्ती असलेला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही येथे येत असू. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा एकाच सकाळी कानावर पडत. नोकरीनिमित्त पुढे देशभर हिंडलो, परंतु तात्यापाऱ्यात पाऊल ठेवले की आजही मी कोणी अधिकारी नसतो, सगळ्यांचा भाचाच असतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी तेथे गेलो होतो. लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामांनी सांगितले, "मोहल्ल्यातल्या मंडळींची बैठक आहे, तूही चल. सरकारी माणूस असलेला बरा." बैठक म्हणजे वीस-बावीस माणसे, एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर. निम्मी मराठी, निम्मी छत्तीसगढी आणि मारवाडी शेजारी. त्यामुळे बोलणे हिंदीत सुरू होई आणि रंगात आले की ज्याच्या त्याच्या भाषेत जाई. विषय दोन होते. पहिला, २०२४ मधील प्रभाग-परिसीमनानंतर आपली गल्ली नेमकी कोणत्या प्रभागात मोडते आणि तक्रार कोणाकडे न्यायची. दुसरा, खारून नदीवरील महादेव घाट आणि शहरातील तलाव यांच्या सुशोभीकरणाबाबत मोहल्ल्याने काही म्हणणे मांडावे की नाही.

चर्चा तासभर चालली. कोणी नगरसेवकाचे नाव घेतले, कोणी महापौरांचे, कोणी स्मार्ट सिटीच्या कंपनीचे, कोणी जलसंसाधन विभागाचे, तर कोणी थेट मुख्यमंत्र्यांचे. अखेरीस कोपऱ्यात बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी मला विचारले, "भाचेबुवा, तुम्ही एवढे मोठे साहेब. एक सांगा, नदी कोणाच्या खात्यात येते?"

मी तीस वर्षे शासकीय हिशेब तपासण्यात घालवली आहेत. खाते, उपखाते, शीर्ष, उपशीर्ष हे माझे रोजचे शब्द. तरीही मावशींना एका वाक्यात उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. ते द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

तलाव कोणी बांधले?

रायपूर हे मुळात नदीचे नव्हे, तलावांचे शहर. खारून शहराच्या पश्चिमेकडून वाहते, पुढे सिमग्याच्या बाजूला सोमनाथजवळ शिवनाथेला मिळते आणि शिवनाथ महानदीला. नदीकाठचा महादेव घाट हे जुने तीर्थस्थान. कार्तिकी पौर्णिमेला तेथे पुन्नी मेळा भरतो. तेथील हाटकेश्वर महादेवाचे मंदिर इ. स. १४०२ च्या सुमाराचे. कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळातील शिलालेख सांगतो की, ते हाजिराज नावाच्या नायकाने बांधले. राजा वेगळा, बांधणारा वेगळा ही गोष्ट येथेच लक्षात ठेवावी.

शहराच्या आत मात्र पाणी तलावांचे. बूढा तालाब (आजचे विवेकानंद सरोवर), महाराजबंध, कंकाली, तेलीबांधा ही नावे रायपूरकरांच्या तोंडात असतात. १८७० मध्ये चार्ल्स ग्रँट याने संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये या तलावांची माहिती आहे. ती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. बांधणाऱ्यांत राजे थोडे. कोणी महंत, कोणी व्यापारी. महाराजबंध तर मराठ्यांच्या काळातील एका महसूल-मक्तेदाराने बांधलेला. त्याच्याच जवळ बिंबाजी भोसल्यांनी १७७५ मध्ये रामचंद्राचे मंदिर उभारले.

येथे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी दोन शब्द. छत्तीसगढ आणि मराठे यांचा संबंध १७४१ च्या भास्करपंतांच्या स्वारीपासून सुरू होतो. बिंबाजी १७५७-५८ पासून १७८७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत रतनपूर येथे राहिले. त्यांच्या दफ्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी येथे सुभेदार नेमले. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने १७९० नंतर जुन्या गढांची व्यवस्था मोडून परगण्यांची पद्धत लावली आणि प्रत्येक परगण्यावर कमाविसदार बसवला. या बदलामागील हेतू लोककल्याणाचा होता असे म्हणता येणार नाही. वसुली सुरळीत व्हावी हाच होता. १८१८ मध्ये इंग्रजांच्या देखरेखीचा काळ आला तेव्हा अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले आणि सत्तावीस परगण्यांचे आठ केले. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांची मुळे या दफ्तरदारीच्या जगात आहेत. आपले पूर्वज येथे तलवार घेऊन कमी आणि लेखणी घेऊन अधिक आले.

मुद्दा असा की, अठराव्या शतकात 'तलाव कोणाच्या खात्यात?' या प्रश्नाला सोपे उत्तर होते. ज्याने बांधला त्याच्या पुण्याच्या खात्यात, आणि जे वापरतात त्यांच्या श्रमाच्या खात्यात. राज्याच्या खात्यात फक्त त्याखालील शेतीचा सारा येई. ती व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणत नाही. कोणत्या घाटावर कोणी उतरायचे हे जातीवरून ठरत असे, हे विसरून चालणार नाही. परंतु गाळ कोण काढणार याबद्दल संभ्रम नव्हता.

नगरपालिका आणि नळ

१८६७ मध्ये रायपूरला नगरपालिका स्थापन झाली. आरंभी तिचा कारभार जिल्ह्याच्या साहेबांच्या हाती होता. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव आला आणि १८८३ मध्ये मध्य प्रांतासाठी स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. रिपन यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, कारभार थोडा बिघडला तरी चालेल, पण लोकांना तो करून शिकू द्यावा. आमच्या प्रशासकीय प्रशिक्षणात या ठरावाचा उल्लेख नेहमी होतो, त्यातील धोका पत्करण्याची तयारी मात्र क्वचितच कोणी आठवते.

१८९२ मध्ये खारून नदीचे पाणी नळाने शहरात आले. त्यासाठी राजनांदगावचे राजा बलरामदास यांनी मोठी देणगी दिली, म्हणून त्या जलकेंद्राला त्यांचेच नाव मिळाले. १९०१ च्या जनगणनेत रायपूरची वस्ती सुमारे ३२ हजार होती. एवढ्या लहान शहराला नळाचे पाणी मिळणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

नळ आला आणि एक सूक्ष्म बदल घडला. तोवर ज्या तलावाचे पाणी प्यायचे, तो घाण होणार नाही याची काळजी प्रत्येक घराला घ्यावी लागत होती. आता पिण्याचे पाणी दूर गेले आणि दारापुढचा तलाव हळूहळू सांडपाण्याचा झाला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, वापरणारा आणि राखणारा यांची फारकत झाली. नळाने लोकांचे प्राण वाचवले यात शंका नाही. त्याची दुसरी किंमत मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

कंडेल, १९२०

पाण्याचा आणि लोकांच्या संघटित कृतीचा छत्तीसगढातील सर्वांत बोलका प्रसंग रायपूर शहरातील नव्हे, तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या धमतरीजवळील कंडेल गावचा आहे. महानदीच्या कालव्याचे पाणी घेण्यासाठी गावकऱ्यांनी दहा वर्षांचा करार करावा असा सिंचन खात्याचा आग्रह होता. गावकऱ्यांनी हिशेब मांडला. दहा वर्षांत जेवढी रक्कम भरायची, तेवढ्यात गावाचा स्वतःचा मोठा तलाव बांधून होतो. मग करार कशाला? त्यांनी नकार दिला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नकार भावनेतून नव्हता, तो दोन पर्यायांच्या खर्चाची तुलना करून दिलेला होता. १९२० च्या पावसाळ्यात कालव्याचे पाणी शेतात आले. खात्याने गावावर पाणीचोरीचा आरोप ठेवून चार हजारांवर रुपयांचा सामूहिक दंड बसवला. दंड कोणी भरला नाही, तेव्हा जनावरे जप्त करून बाजारोबाजार लिलावाला नेली. एकाही बाजारात बोली लागली नाही. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले हे या सत्याग्रहाचे पुढारी. डिसेंबर १९२० मध्ये गांधीजींच्या छत्तीसगढ दौऱ्याच्या सुमारास सरकारने माघार घेतली.

नारायणराव मेघावाले यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही. आपण बृहन्महाराष्ट्राचा अभिमान बाळगतो तेव्हा नाट्यप्रयोग आणि गणेशोत्सव आठवतो. शेजाऱ्यांच्या पाण्यासाठी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस आठवत नाही. रायपूरचे वामनराव लाखे यांचेही तसेच. १९१३ मध्ये रायपूरला सहकारी बँक उभी करण्यात ते अग्रणी होते. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी पदवी परत केली. शहरात लाखेनगर आहे, लाखे कोण हे विचारले तर मात्र अनेकांना सांगता येत नाही.

आणखी एक दुवा लक्षात घ्यावा. आज रायपूरच्या नळाला येणारे पाणी खारूनचे म्हणतात, पण उन्हाळ्यात ते बहुतांशी धमतरीजवळच्या गंगरेल धरणातून (रविशंकर सागर) कालव्याने खारूनमध्ये सोडलेले असते. म्हणजे तात्यापाऱ्यातील नळ उघडला की त्यातून येते ते महानदीचे पाणी, कंडेलच्याच परिसरातले.

मामा तलाव

स्वातंत्र्यानंतर १९५० चा मालमत्ता-हक्क निर्मूलनाचा कायदा आला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क संपून गावोगावचे तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडील वाचक ते तलाव 'मामा तलाव' म्हणून ओळखतात. माजी मालगुजारी याचे ते लघुरूप. हे जिल्हे आणि छत्तीसगढ तेव्हा एकाच प्रांतात होते, त्यामुळे दोन्हीकडची कथा सारखीच आहे.

जमीनदारी जाणे आवश्यकच होते, याबद्दल दुमत नसावे. पण तलावांच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली. मालगुजाराकडे मालकी होती आणि डागडुजीची जबाबदारीही होती. गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे आंघोळ, गुरांचे पाणी, मासे, कमळगट्टे यांचा हक्क 'वाजिब-उल-अर्ज' या कागदात नोंदलेला असे. मालकी सरकारकडे आली, निस्तार कागदावर राहिला, आणि जबाबदारी कोणाकडेच आली नाही. तलाव महसूल खात्याच्या नोंदीत, बांध सिंचन खात्याच्या यादीत, मासेमारीचा ठेका तिसऱ्याच विभागाकडे. गाळ मात्र कोणत्याही खात्याच्या शीर्षात बसेना. शहरात तर तलावाचा काठ हळूहळू भूखंड झाला. २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तलावांच्या जमिनी जपण्याचे शासनाचे कर्तव्य स्पष्ट केले, तोपर्यंत देशातील असंख्य तलाव नकाशावरून पुसले गेले होते.

एका नदीचा करार

खात्यांच्या या गोंधळाचा कळस रायपूरपासून फार दूर नसलेल्या दुर्ग जिल्ह्यात झाला. ऑक्टोबर १९९८ मध्ये, अविभाजित मध्य प्रदेशाच्या काळात, राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथ नदीच्या सुमारे २३ किलोमीटर पात्राबाबत एका खासगी कंपनीशी २२ वर्षांचा करार केला. कारखान्यांची मागणी असो वा नसो, ठरलेल्या पाण्याचे पैसे महामंडळाने द्यायचे असे त्यात होते. बांधाऱ्यानंतर काठच्या गावांतील कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना नदीत उतरण्यास अडथळे येऊ लागले. गावकरी आणि कार्यकर्त्यांनी आंदोलन उभारले. छत्तीसगढ राज्य झाल्यानंतर, २००७ मध्ये, विधानसभेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढून करार रद्द करण्याची शिफारस केली.

नदी ज्याच्या खात्यात नव्हती त्याने ती दुसऱ्याला दिली. औद्योगिक महामंडळाकडे नदी कधीच नव्हती. पण ती कोणाकडे आहे हे नेमके सांगणारा कागद कोणीच पुढे ठेवला नाही, म्हणून हे घडू शकले.

कायदा काय म्हणतो?

१ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवावयाचे १८ विषय आहेत. घरगुती आणि औद्योगिक पाणीपुरवठा आहे, उद्याने आणि क्रीडांगणे आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे. नदी हा शब्द नाही, तलाव हाही नाही. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत निदान 'जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास' आहे. शहरांना तेवढेही नाही. म्हणजे महापालिका नदीकाठी बाग करू शकते, नदीतून पाणी उचलू शकते, नदीत नाले सोडू शकते. नदी सांभाळणे हे मात्र तिचे काम म्हणून लिहिलेले नाही.

याच घटनादुरुस्तीत, अनुच्छेद २४३-एस मध्ये, तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे म्हटले आहे. मोहल्ल्याचा आवाज महापालिकेत पोहोचण्याची ही घटनेने दिलेली वाट. पण समितीत कोण असावे हे राज्यांवर सोडले गेले. अनेक राज्यांनी अनेक प्रभाग मिळून एक समिती केली आणि त्यात प्रामुख्याने नगरसेवकच बसवले. नागरिक बाहेरच राहिले.

दरम्यान वरच्या मजल्यावर बरेच बदल झाले. रायपूरला १९६७ मध्ये महानगरपालिका झाली. शहराची वस्ती २०११ मध्ये दहा लाखांवर गेली. महापौर थेट लोकांनी निवडण्याची पद्धत आली, २०१९ मध्ये छत्तीसगढने ती बदलून निवड नगरसेवकांकडे दिली, डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा फिरवली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मतदारांनी महापौर थेट निवडला. २०१६ मध्ये शहराची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. या योजनेच्या नियमानुसार कामे महापालिकेऐवजी स्वतंत्र कंपनीकडे गेली. या कंपनीत राज्य आणि महापालिका समान भागीदार असतात. कंपनीचा कारभार वेगवान असतो हे मान्य. परंतु तिच्या संचालक मंडळाला प्रश्न विचारण्यासाठी तात्यापाऱ्यातील मावशींकडे मतपत्रिका नसते. ३१ मार्च २०२५ रोजी केंद्राची ही योजना संपली. बांधून झालेल्या वस्तू राखायच्या कोणी, हा प्रश्न मात्र मागे उरला.

हीच स्थिती आपल्या पुण्यातही दिसली. मुळा-मुठा नदीकाठच्या ४४ किलोमीटर सुधारणा प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. त्याच महिन्यात महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. एप्रिल २०२३ मध्ये झाडे वाचवण्यासाठी हजारो पुणेकर नदीकाठी उतरले. प्रकल्प बरा की वाईट हा वाद येथे बाजूला ठेवू. पण ज्या काळात एवढा मोठा निर्णय राबवला जात होता त्या काळात तो प्रश्न सभागृहात विचारायला एकही नगरसेवक नव्हता, ही गोष्ट कोणत्याही बाजूच्या माणसाला खटकायला हवी.

टोपलीभर माती

रायपूरच्या बूढा तालाबच्या काठी माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे हे आपल्या भाषेत वाढलेले आणि हिंदीला वाहून घेतलेले लेखक. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. त्यात वामनराव लाखे त्यांचे सहकारी होते. पुढे त्यांनी 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. हिंदीतील अर्थशास्त्राची परिभाषा घडवण्याचे कामही त्यांनी केले, म्हणून माझ्यासारख्याला ते दुहेरी जवळचे. १९२६ मध्ये रायपूरलाच त्यांचे निधन झाले.

१९०१ मध्ये त्यांनी 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा लिहिली. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. आड येते ती एका विधवेची झोपडी. तो वकिलांच्या मदतीने ती बळकावतो. विधवा येऊन फक्त एक टोपली माती मागते आणि टोपली उचलायला हात लावण्याची विनंती करते. त्याला ती उचलत नाही. मग ती त्याला विचारते की, एका टोपलीचे ओझे पेलत नाही तर या जमिनीतील हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे पेलणार?

नदीकाठ आणि तलावकाठ सुधारण्याच्या प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर ही कथा छापावी असे मला वाटते. कारण सुधारणा म्हणजे आवार वाढवणे, आणि आवाराच्या कडेला कोणाची तरी झोपडी असतेच. ती कशी हलते यावर सुधारणेची लायकी ठरते. रायपूरलाच तेलीबांधा तलावाकाठच्या वस्तीसाठी जवळच बहुमजली घरे बांधली गेली. माणसे कामधंद्यापासून तुटली नाहीत. हा शिकण्यासारखा नमुना आहे. उलट २०२० मध्ये बूढा तालाब परिसराच्या सुशोभीकरणात सप्रे शाळेच्याच मैदानाचा काही भाग जाणार असे दिसले, तेव्हा नागरिकांना 'मैदान वाचवा' म्हणत रस्त्यावर यावे लागले. टोपलीभर मातीची कथा लिहिणाऱ्याच्या नावाच्या शाळेवर ही वेळ यावी, यापरते बोलके उदाहरण दुसरे कोणते?

माझ्या सहीची गोष्ट

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःचे एक सांगितले पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच राज्यातल्या एका शहराच्या तलाव-सुशोभीकरणाची नस्ती माझ्याकडे आली होती. केंद्राच्या निधीतील हप्ता सोडण्यापूर्वी खर्चाची तपासणी करायची होती. अंदाजपत्रकात कठडा होता, दिवे होते, कारंजे होते, फरशी होती. तलावात येणारे तीन नाले अडवण्यासाठी एकही रुपया नव्हता. ते माझ्या लक्षात आले. मी सहायकाला विचारलेही. त्याने सांगितले, "सर, नाले दुसऱ्या विभागाकडे येतात." नियमाप्रमाणे उत्तर बरोबर होते. वर्षअखेर जवळ होती. निधी परत जाण्याची भीती होती. मी सही केली.

तीन वर्षांनी त्या गावी जाणे झाले. कारंजे बंद होते, कठड्याचे लोखंड गेले होते, आणि फरशीवर उभे राहवत नव्हते एवढी दुर्गंधी होती. काठावरचा एक धोबी, ज्याला आता तेथे कपडे धुण्यास मनाई होती, मला म्हणाला, "साहब, पहले पानी था, दीवार नहीं थी। अब दीवार है।" हिशेबात एका पैशाचीही गफलत नव्हती. लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. त्या कागदावरची सही मात्र माझी होती.

तेव्हापासून 'तो विषय दुसऱ्या विभागाकडे येतो' हे वाक्य ऐकले की मी थांबतो.

मावशींना उत्तर

तर मावशी, नदी कोणाच्या खात्यात येते? खरे उत्तर असे की, पाणी जलसंसाधन विभागाच्या खात्यात, पात्राची जमीन महसूल विभागाच्या, घाट आणि बाग महापालिकेच्या, प्रदूषण पर्यावरण मंडळाच्या, आणि पुन्नी मेळा लोकांच्या. सगळ्यांच्या खात्यात थोडी थोडी आहे, म्हणून पूर्ण अशी कोणाच्याच खात्यात नाही.

सामायिक संपत्ती सरकारने ताब्यात घ्यावी नाहीतर खासगी करावी, एवढे दोनच मार्ग माझ्या विद्यार्थिदशेत शिकवले जात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील कालवे, कुरणे आणि मासेमारीची उदाहरणे अभ्यासून दाखवले की तिसराही मार्ग आहे. वापरणाऱ्यांनी नियम केले, ते पाळले जातात की नाही हे स्वतः पाहिले आणि सरकारने त्यांचा हा अधिकार मान्य केला, तर सामायिक संपत्ती टिकते. यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. कंडेलच्या शेतकऱ्यांना हे १९२० मध्येच ठाऊक होते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या संध्याकाळी ओसरीवर आम्ही एक अर्ज तयार केला. भाषणबाजी वगळून त्यात चारच गोष्टी लिहिल्या.

१. प्रभागाचा नवा नकाशा, रस्त्यांच्या नावांसह, मोहल्ल्यात लावावा आणि कोणत्या तक्रारीला कोणता अधिकारी जबाबदार हे त्यावर लिहावे.

२. महादेव घाट व शहरातील तलाव यांवर गेल्या पाच वर्षांत कोणत्या यंत्रणेने कशावर किती खर्च केला, याचे एकत्रित विवरण माहितीच्या अधिकाराखाली मिळावे.

३. तलावाच्या कोणत्याही नव्या अंदाजपत्रकात पहिली बाब नाले अडवण्याची असावी, दिव्यांची शेवटी.

४. काठावर ज्यांचे पोट आहे, म्हणजे धोबी, कोळी, फुलवाल्या, त्यांना आराखडा मंजूर होण्यापूर्वी बोलावून ऐकावे.

चौथा मुद्दा मावशींचा. पहिल्यावर सर्वांत अधिक वाद झाला, कारण गल्लीच्या दोन बाजू दोन प्रभागांत गेल्या आहेत असे एकाचे म्हणणे होते आणि तसे नाही असे दुसऱ्याचे. नकाशा कोणाकडेच नव्हता. १८८२ चा ठराव, १९९३ ची घटनादुरुस्ती आणि २०२५ ची निवडणूक या सगळ्यानंतरही एका मोहल्ल्याला आपल्या प्रभागाची सीमा माहीत नसावी, ही गोष्ट मला कोणत्याही अहवालापेक्षा अधिक सांगून गेली.

अर्ज हिंदीत लिहिला, सह्या तीन लिप्यांत झाल्या. एका आजोबांनी हट्टाने मोडीत सही केली. ती वाचता येणारा कोणी अधिकारी आता त्या कार्यालयात असेल असे वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच शहराचे सारे दफ्तर त्या लिपीत होते.

मी परत निघालो तेव्हा मामा स्टेशनवर सोडायला आले होते. म्हणाले, "उत्तर येईल असे वाटते का रे?" मी म्हटले, "तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर अपील करायचे." ते हसले आणि म्हणाले, "मग तारीख लिहून ठेवतो." त्यांनी खिशातली छोटी वही काढून खरोखरच तारीख लिहिली.

नदीचे खाते कदाचित अशाच एखाद्या वहीत उघडावे लागते.